चार वर्षांत पदवी आणि बी.एड. : बेंगळुरूतील मराठी कुटुंबांसाठी एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमाची माहिती

बारावीनंतर शिक्षक होण्याचा नेहमीचा रस्ता पाच वर्षांचा आहे. आधी तीन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. आणि मग दोन वर्षांचे बी.एड. एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमात या दोन्ही पदव्यांचा अभ्यास एकाच विद्यापीठात, एकाच प्रवेशावर, चार वर्षांत म्हणजे आठ सत्रांत पूर्ण होतो. अर्जाच्या पडद्यावर आणि माहितीपत्रकात या कार्यक्रमाचे नाव ‘आयटीईपी’ असेच दिसेल, म्हणून या लेखातही पुढे तेच नाव वापरले आहे. ‘एकात्मिक’ हा शब्द शोधत बसलात तर संकेतस्थळावर तो सापडणार नाही.

कर्नाटकात ‘द्वितीय पीयूसी’ म्हणजे बारावी. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला किंवा ती उत्तीर्ण झालेला विद्यार्थी यासाठी अर्ज करू शकतो. पदवीला आधीच प्रवेश घेतलेल्यांना मधल्या वर्षात आयटीईपीत येता येत नाही. त्यांच्यासाठी दोन वर्षांचे बी.एड. हाच मार्ग आहे.

हा कार्यक्रम का आणला

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये असे ठरले की २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी असावी. त्यानुसार केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये आयटीईपीची अधिसूचना काढली आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून निवडक संस्थांत प्रवेश सुरू झाले. याला मान्यता देणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद, लोकांच्या बोलण्यात एनसीटीई.

या धोरणामागची एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे. महाराष्ट्रात एके काळी डी.एड. महाविद्यालयांचे पीक आले होते. जवळपास तीनशे संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. फक्त शिक्षक प्रशिक्षण देणारी, एकटी उभी असलेली महाविद्यालये हा त्या अहवालाचा मोठा चिंतेचा विषय होता. म्हणूनच आयटीईपी फक्त अशा संस्थांत चालतो जिथे इतर विषयांचे विभागही आहेत. गणिताचा भावी शिक्षक गणित विभागातच गणित शिकतो आणि त्याच आवारात अध्यापनशास्त्रही.

कल्पना मात्र नवी नाही. एनसीईआरटीने १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि मैसूरु येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली, तेव्हापासून तिथे चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम शिकवले जात आहेत. आज या संस्थांना प्रादेशिक शिक्षण संस्था, थोडक्यात आरआयई, म्हणतात.

टप्पा निवडताना

अर्ज भरताना बहुतेक जण बी.ए.बी.एड. घ्यावे की बी.एस्सी.बी.एड. एवढाच विचार करतात. त्याहून महत्त्वाची निवड टप्प्याची आहे. नव्या धोरणात शाळेचे चार टप्पे आहेत: पायाभूत टप्पा म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी, पूर्वतयारीचा टप्पा तिसरी ते पाचवी, मध्य टप्पा सहावी ते आठवी, माध्यमिक टप्पा नववी ते बारावी. आयटीईपीचा प्रवेश यांपैकी एका टप्प्यासाठी असतो आणि एका संस्थेत चारही टप्पे असतीलच असे नाही.

इथे चूक झाली तर ती चार वर्षांनी, नोकरीच्या अर्जात कळते. म्हणून थोडे सविस्तर.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते आणि ते डी.एल.एड.सारख्या अभ्यासक्रमांत मिळते, असे त्यामागचे कारण आहे. त्यामुळे माध्यमिक टप्प्याचे बी.एस्सी.बी.एड. केले की प्राथमिक शाळेचे दारही उघडेल, हा समज आता सोडून द्यावा. काही खासगी संस्थांच्या पत्रकांत अजूनही ‘पहिली ते बारावी कुठेही शिकवा’ असे छापलेले असते. असे पत्रक या लेखाच्या अनुवादकाच्या मामेबहिणीच्या घरीही आले होते, आणि घरातल्यांनी ते खरे मानून शुल्काची तजवीजही सुरू केली होती.

ज्यांना पहिली ते पाचवीलाच शिकवायचे आहे त्यांच्यापुढे दोन मार्ग आहेत. पायाभूत किंवा पूर्वतयारी टप्प्याचा आयटीईपी, किंवा दोन वर्षांचे डी.एल.एड. आयटीईपीची पहिली तुकडी २०२७ मध्ये बाहेर पडेल. राज्यांच्या भरती नियमांत पात्रतेच्या यादीत डी.एल.एड.चे नाव वर्षानुवर्षे आहे. टप्पानिहाय आयटीईपी तिथे नवा आहे. ज्या घरात लवकर पगार सुरू होणे गरजेचे आहे आणि ध्येय प्राथमिक शाळाच आहे, त्या घरासाठी डी.एल.एड. हा आजही कमी खर्चाचा आणि कमी वेळाचा रस्ता आहे. चार वर्षांची पदवी मोठी वाटते म्हणून तीच घ्यावी असे नाही.

माध्यमिक टप्पा निवडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की टप्प्याच्या नावात ‘बारावी’ असली तरी अकरावी-बारावीच्या शिक्षकपदासाठी केंद्रीय विद्यालयांसह बहुतेक ठिकाणी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी मागतात. आयटीईपीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. करण्याची तयारी असेल तरच तो हिशेब धरावा. सहावी ते दहावीच्या पदांसाठी मात्र पदवीत घेतलेल्या विषयांची जोडी बघतात. विज्ञान शिक्षकाच्या पदाला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हवे असेल आणि तुमच्या पदवीत त्यातला एक विषय नसेल, तर गुण कितीही असोत, अर्ज बाद होतो. प्रवेशाआधी केंद्रीय विद्यालय संघटनेची एखादी जुनी भरती जाहिरात उघडून आपल्या विषयापुढे काय लिहिले आहे ते वाचून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे.

प्रवेश परीक्षा

प्रवेश राष्ट्रीय सामाईक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे एनसीईटीतून होतो. ती राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) घेते. परीक्षा संगणकावर, तीन तासांची आणि बहुपर्यायी प्रश्नांची असते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ गुण कापला जातो. तिचे चार भाग आहेत: दोन भाषा, तीन मुख्य विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभियोग्यता. एनसीईटीसाठी वयाची अट नाही. आयटीईपीच्या प्रवेशासाठी बारावीला किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते.

ही परीक्षा १३ भाषांत होते आणि त्यात मराठी व कन्नड दोन्ही आहेत. बेंगळुरूत वाढलेल्या मुलांसाठी हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. घरात मराठी, शाळा इंग्रजी, अंगणात कन्नड. ज्या भाषेत विज्ञान किंवा इतिहास शिकलात तीच माध्यम भाषा निवडावी. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द पहिल्यांदा परीक्षेच्या पडद्यावर वाचायची वेळ येऊ नये. मराठी ही भाषा म्हणून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. दोन भाषांपैकी एक मराठी घेऊन बाकी प्रश्नपत्रिका इंग्रजीत देता येते.

शुल्क सर्वसाधारण प्रवर्गासाठी १,२०० रुपये, इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल घटकासाठी १,००० रुपये आणि अनुसूचित जाती, जमाती, दिव्यांग व तृतीयपंथी उमेदवारांसाठी ६५० रुपये असे राहिले आहे. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहिती पुस्तिका पाहून खात्री करावी.

तारखा बदलू शकतात. २०२४ ची परीक्षा १२ जूनला ठरली होती, ती प्रत्यक्षात १० जुलैला झाली. अर्जात सायबर केंद्रवाल्याचा मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल टाकू नका. नवी तारीख, प्रवेशपत्र आणि निकाल यांचे सगळे निरोप त्याच क्रमांकावर जातात.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एनटीएचे काम निकाल लावेपर्यंतच आहे. त्यानंतर प्रवेश प्रत्येक संस्था स्वतः करते. परीक्षेच्या अर्जात संस्थेचे नाव दिले म्हणजे तिथे अर्ज झाला असे होत नाही. निकाल लागल्यावर हव्या त्या प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन गुणांसह वेगळी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मिळणारे दिवस फार थोडे असतात. चांगले गुण असूनही जागा हुकते ती बहुधा इथेच.

मैसूरु की भोपाळ

बेंगळुरूतील विद्यार्थ्याला सर्वांत जवळची आणि जुनी संस्था म्हणजे मैसूरुची आरआयई. ती मानसगंगोत्री परिसरात आहे आणि मैसूर विद्यापीठाशी संलग्न आहे. तिच्या आवारातच तिची प्रात्यक्षिक शाळा आहे, त्यामुळे पाठ घेण्यासाठी शहरभर शाळा शोधत फिरावे लागत नाही.

आरआयईंचे कार्यक्षेत्र राज्यांनुसार वाटलेले आहे. कर्नाटकासह दक्षिणेतील राज्ये मैसूरुकडे येतात. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळकडे. या संस्थांची पूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती तेव्हा जागाही राज्यवार वाटल्या जात. म्हणून अधिवासाचा प्रश्न आधीच सोडवावा. वडिलांचे गाव सांगली जिल्ह्यात, शिधापत्रिका तिकडची आणि मुलीची दहावी-बारावी बेंगळुरूत, अशी कितीतरी कुटुंबे पीण्यात आणि बोम्मसंद्रात कामाला आहेत. अशा मुलीने कोणत्या राज्याची म्हणून अर्ज करायचा, हे माहिती पुस्तिकेतील अधिवासाच्या व्याख्येवर ठरते. पुस्तिका हातात आली की शुल्काचा तक्ता नंतर बघा, आधी ती व्याख्या वाचा आणि त्यानुसार एकाच राज्याची कागदपत्रे जमवा. दोन राज्यांचे दोन अधिवास दाखले काढू नका. पडताळणीत दोन्ही अडचणीत येतात.

बेंगळुरू शहरात अझीम प्रेमजी विद्यापीठात चार वर्षांचा बी.एस्सी.बी.एड. हा दुहेरी पदवी अभ्यासक्रम आहे. हे खासगी विद्यापीठ आहे, पण कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत देते, म्हणून फक्त शुल्काचा आकडा बघून मागे फिरू नये. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी एनसीटीईच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि टप्पा या तिन्ही गोष्टी तपासा. जुने चार वर्षांचे बी.ए.बी.एड. चालवणाऱ्या संस्थांना आयटीईपीत रूपांतर करून घेण्यास सांगितले आहे. ‘मान्यता येणार आहे’ या तोंडी आश्वासनावर प्रवेश घेऊ नये.

कागदपत्रे आणि नावाची भानगड

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, अधिवास, छायाचित्र, दिव्यांग असल्यास प्रमाणपत्र. ही यादी सगळीकडे सारखीच असते. मराठी माणसाची अडचण होते ती नावात. कर्नाटकात शाळेच्या दाखल्यावर नावामागे आद्याक्षर लावण्याची पद्धत आहे, आपल्याकडे मधे वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव. त्यामुळे गुणपत्रिकेवर ‘सुनीता के.’, आधारवर ‘सुनीता कृष्णा पाटील’ आणि बँक पासबुकावर तिसरेच काहीतरी असते. शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात ते यामुळेच. बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानून आधार आणि बँक खाते त्याप्रमाणे करून घ्यावे. गुणपत्रिका बदलण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे.

कर्नाटकातील जात व उत्पन्न दाखला नाडकचेरी किंवा बेंगळुरू वन केंद्रातून मिळतो. त्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक जपून ठेवा, राज्याच्या शिष्यवृत्ती अर्जात तोच लागतो. दाखला कन्नडमध्ये असेल तर केंद्रीय संस्थेसाठी इंग्रजी नमुन्यात वेगळा मागून घ्या.

महाराष्ट्रातून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना कर्नाटक राज्याच्या आरक्षणात मूळ राज्याच्या दाखल्यावर लाभ मिळत नाही. केंद्रीय संस्थेत मात्र मूळ राज्याचा दाखला चालतो. इतर मागासवर्गाच्या बाबतीत राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगवेगळ्या आहेत. कर्नाटकात मराठा समाज राज्याच्या यादीत ३-ब मध्ये आहे. तेवढ्यावरून केंद्राच्या यादीतही नाव असेल असे धरून अर्जात ‘ओबीसी’वर खूण करू नये. चुकीच्या प्रवर्गात केलेला अर्ज पुढे दुरुस्त होत नाही.

पैसा कुठून

एक वर्ष वाचते म्हणजे एका वर्षाचे शुल्क आणि भाडेही वाचते, पण उरलेली चार वर्षे काढायचीच असतात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असावे. ही शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा आहे ते राज्य देते. म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी मैसूरुत शिकत असला तरी अर्ज महाराष्ट्राकडे, आणि कर्नाटकाचा रहिवासी असल्यास कर्नाटकाच्या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर, ज्याला सगळे एसएसपी म्हणतात. कर्नाटकातील मागासवर्गीय विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘विद्यासिरी’ योजनेतून महिना १,५०० रुपये, वर्षातील दहा महिने, अशी मदत आहे.

बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत असाल आणि कुटुंबाचे उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी आहेत. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि पहिल्या वर्षी आनंदाने भरलेला अर्ज दुसऱ्या वर्षी विसरणारे बरेच असतात.

कर्ज काढायचेच असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. यादीतील संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण किंवा जामीनदार न देता कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण सुरू असेपर्यंत व त्यानंतरच्या सवलत काळात, व्याजात ३ टक्के सूट आहे. तुमची संस्था त्या यादीत आहे का हे बँकेत जाण्याआधी पोर्टलवर बघा.

सगळ्या योजनांचे पैसे थेट खात्यात येतात. खाते आधारशी नुसते जोडलेले असून चालत नाही, सरकारी रक्कम त्याच खात्यात यावी अशी नोंद बँकेने केलेली असावी लागते. शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झाले आहे का’ असेच विचारावे.

पदवीनंतर

आयटीईपी पूर्ण झाला तरी शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी द्यावी लागते. केंद्राच्या सीटीईटीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते आणि तिच्या भाषांत मराठी आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक झाली आहे, त्यामुळे ती टाळण्याची वाट कोणालाच नाही.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचे असेल तर टीईटीनंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र पोर्टलवर नोंदणी असा क्रम आहे. तिथे जाहिरातीतील माध्यमाची अट नीट वाचावी. बेंगळुरूत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलाला ती आडवी येऊ शकते. कर्नाटकात सरकारी नोकरीसाठी कन्नड यावेच लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, बीदर भागांत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, तिथल्या शिक्षकालाही कार्यालयीन कामकाज कन्नडमध्येच करावे लागते. कन्नड लिहिता-वाचता येत नसेल तर चार वर्षांच्या काळात ती शिकून घेणे हा सर्वांत स्वस्त अभ्यासक्रम आहे. बीदर जिल्ह्यातील, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण भागातील उमेदवारांनी अनुच्छेद ३७१-ञ खालील स्थानिक दाखला काढून ठेवावा. कल्याण कर्नाटकातील पदांच्या राखीव जागांसाठी तो लागतो.

एनसीईटीच्या अर्जाबाबत अडचण आल्यास एनटीएचा मदत क्रमांक ०११-४०७५९००० आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचा ०१२०-६६१९५४०. फोन करताना अर्ज क्रमांक समोर ठेवा. त्याशिवाय पलीकडून काही सांगता येत नाही.